पहिले मत, पहिली साक्ष



26 एप्रिल 2024 हा शुक्रवार होता. त्या दिवशी यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. दिग्रस येथील एका तरुणाला अठरा वर्षे पूर्ण होऊन काही महिनेच झाले होते. सकाळी लवकर रांगेत उभा राहून तो आयुष्यातील पहिले मत देऊन आला आणि दुपारी जुमाच्या नमाजसाठी वुजू करताना थबकला. डाव्या तर्जनीवरील शाई घासूनही निघेना. नखावर रंग असला तर पाणी खाली पोहोचत नाही आणि वुजू होत नाही, असे त्याने कोठेतरी ऐकले होते. नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर त्याने मला गाठले आणि काळजीच्या स्वरात विचारले, "चाचा, माझी जुमा झाली ना?"

झाली, असे मी त्याला सांगितले. हे उत्तर अवघड नाही. जी वस्तू त्वचेवर किंवा नखावर थर धरते, उदाहरणार्थ मेण, वाळलेली कणीक, नेलपॉलिश, ती पाण्याला अडवते. ती काढल्यावाचून वुजू पूर्ण होत नाही. जो नुसता रंग आहे, मेंदीसारखा किंवा रंगाऱ्याच्या हातावरील डागासारखा, तो पाण्याला अडवत नाही. मतदानाची शाई 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या एका सरकारी कारखान्यातून येते. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट त्वचेत मुरते आणि डाग सोडते. वर वाळलेला थर राहिला असेल तर तो धुऊन काढावा. उरलेल्या डागाने वुजूला बाधा येत नाही.

तरुणाचा जीव भांड्यात पडला. मग निवांतपणे बोलता बोलता त्याने आदल्या रात्रीची हकीकत सांगितली. गल्लीत पाकिटे वाटली गेली होती. घरात मते किती, याचा हिशेब वाटणाऱ्याजवळ लिहिलेला होता, आणि यंदा त्या घरात एक पाकीट वाढले होते, कारण यंदा एक मत वाढले होते. आत पाचशेची नोट होती. आईने ती डब्यात ठेवून दिली. हे सर्व तो हसत सांगत होता, जसे कोणी लग्नातील आहेर सांगावा. पाकिटाविषयी त्याने मला काहीही विचारले नाही.

त्या तरुणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याला शाईची काळजी वाटली आणि पाकिटाची वाटली नाही, कारण आपण त्याला तसेच वाढवले आहे. वुजूचे फर्ज किती आणि सुन्नत किती, हे आपल्या मकतबमधील सात वर्षांचे मूल घडाघडा सांगते. ते शिकवलेच पाहिजे. परंतु त्याच मुलाने अठराव्या वर्षी एका बंद कोपऱ्यात जाऊन काही कोटी माणसांच्या कारभाराविषयी जबाब द्यायचा असतो. त्या जबाबाचे फर्ज कोणते, तो कशाने बातिल होतो, हे त्याला मकतबात सांगितले जात नाही, घरात नाही आणि जुमाच्या खुतब्यातही क्वचितच. मग तो ते गल्लीत शिकतो. गल्लीत जे शिकवले जाते, ते आपण पाहतोच.

प्रथम एक छोटी गोष्ट बाजूला करतो. त्या वर्षी शुक्रवारच्या मतदानावरून आपल्याकडे बरीच कुजबुज झाली. यवतमाळ जिल्ह्याची रचनाच अशी आहे की एकाच जिल्ह्यातील लोक तीन लोकसभा मतदारसंघांत विभागले गेले आहेत. वणी आणि आर्णी हे विधानसभा मतदारसंघ चंद्रपुरात जातात, उमरखेड हिंगोलीत जातो, आणि उरलेले चार यवतमाळ-वाशिममध्ये आहेत. चंद्रपूरचे मतदान 19 एप्रिलला झाले, बाकी दोन्हींचे 26 ला. म्हणजे जिल्ह्याच्या वाट्याला दोन मतदान-दिवस आले आणि दोन्ही शुक्रवार. केरळमध्ये मुस्लिम लीगने तारीख बदलण्याची मागणीही केली होती. तिकडील अडचण तिकडील लोक जाणोत. आपल्याकडे मात्र हे निमित्त करून घरी बसणाऱ्यांनी सूरह जुमाच्या नवव्या आणि दहाव्या आयती पुन्हा वाचाव्यात. नमाजची हाक आली की व्यापार सोडून या, असा आदेश तेथे आहे आणि नमाज संपली की पृथ्वीवर पसरा व अल्लाहची कृपा शोधा, असाही आहे. जुमा हा काम बंद ठेवण्याचा दिवस म्हणून दिलेलाच नाही. मतदान केंद्र सकाळी सात ते सायंकाळी सहा उघडे असते आणि सहाच्या ठोक्याला जो रांगेत आहे त्याचे मत घेतले जाते. अकरा तासांत एक नमाज आणि एक मत सहज मावतात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ या. मत म्हणजे काय?

कोणी म्हणेल हक्क, कोणी म्हणेल नागरिकाचे कर्तव्य. दोन्ही खरे आहे. हा हक्क येथे किती कष्टाने आला, याची आपल्या मुलांना कल्पना नसते. इंग्रजांच्या काळात मताधिकार कर भरणाऱ्या, मालमत्ता असलेल्या किंवा शिकलेल्या थोड्यांपुरता होता, आणि मुसलमानाने मुसलमानांच्या वेगळ्या यादीत मत द्यायचे असे. संविधान सभेत बेगम ऐजाज रसूल यांनी विभक्त मतदारसंघांना आणि राखीव जागांनाही विरोध केला. अशा व्यवस्थेने अल्पसंख्याक कायमचे तुटून पडतील, असे त्यांचे मत होते. शेवटी संविधानाच्या कलम 325 ने सर्वांसाठी एकच यादी केली आणि कलम 326 ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. आमच्या भागातील वडीलधारी माणसे एक गंमत सांगत. त्यांनी एकाच घरात राहून तीन राज्यांत मतदान केले: 1952 मध्ये मध्य प्रदेशात, 1957 मध्ये मुंबई राज्यात आणि 1962 मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, यादीतील नाव टिकले. तेव्हा वय एकवीस लागे. ते अठरावर 1989 मध्ये आले.

तरीही हक्क आणि कर्तव्य या दोन शब्दांनी एका श्रद्धावंताचे समाधान होऊ नये. हक्क सोडून देता येतो, विकताही येतो, असे माणसाला वाटू शकते. मुफ्ती मुहम्मद शफी (र.ह.) हे दारुल उलूम देवबंदचे मुफ्ती होते व पुढे कराचीत स्थायिक झाले. त्यांनी मताचे शरीअतमधील स्थान सांगताना तीन गोष्टी दाखवल्या आहेत. मत ही साक्ष आहे: हा उमेदवार या कामास लायक व प्रामाणिक आहे, अशी शहादत मतदार देतो. मत ही शिफारस आहे, आणि सूरह निसाच्या 85 व्या आयतीनुसार चांगल्या शिफारशीत शिफारस करणाऱ्याचा वाटा असतो, वाईटातही असतो. आणि मत ही वकालत आहे: मतदार आपल्या वतीने एकाला नेमतो, परंतु ते काम त्याच्या एकट्याचे नसून साऱ्या लोकांचे असते, म्हणून चुकीच्या नेमणुकीने साऱ्यांचा हक्क बुडतो. या तिन्हींत मला साक्ष सर्वांत जवळची वाटते. शिफारस आणि वकालत करणारा इतरांसमोर उघड बोलतो. मतदान-कक्षात मात्र माणूस एकटा असतो. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा, एक यंत्र आणि शेजारच्या काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी एवढेच असते. तेथे त्याचा जबाब ऐकणारा एकच आहे.

कुरआनने साक्षीवर घातलेल्या अटी आठवून पाहा. सूरह बकराच्या 283 व्या आयतीत साक्ष लपवण्यास मनाई आहे, आणि जो लपवतो त्याचे हृदय पापी ठरते, असे म्हटले आहे. पापाचे ठिकाण म्हणून येथे हृदयाचे नाव घेतले आहे, हे लक्षात घ्या; कारण न दिलेली साक्ष बाहेर दिसत नाही. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध जावो, आईवडिलांविरुद्ध की नातलगांविरुद्ध, आणि समोरचा श्रीमंत असो वा गरीब, असा आदेश आहे. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत एखाद्या समूहाच्या वैरामुळे न्याय सोडू नका, असे बजावले आहे. खोट्या साक्षीविषयीची हदीस तर बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) टेकून बसले होते आणि महापापे सांगत होते: अल्लाहशी भागीदारी, आईवडिलांची अवज्ञा. मग ते सरळ उठून बसले आणि खोट्या साक्षीचे नाव घेतले, आणि इतक्या वेळा घेतले की त्यांनी आता थांबावे, असे सोबत्यांना वाटू लागले. शिर्कचे नाव त्यांनी टेकून घेतले होते. खोट्या साक्षीसाठी ते उठून बसले. ते का, यावर विद्वानांनी लिहिले आहे: माणूस शिर्कला घाबरतो, खोट्या साक्षीला घाबरत नाही.

याच कसोटीवर ते पाकीट ठेवून पाहू या.

गल्लीत त्याचे समर्थन मोठ्या चतुराईने केले जाते. पैसे सर्वांचे घ्यावेत आणि मत हवे त्याला द्यावे. पैसा त्यांच्या बापाचा नाही, आपलाच लुटलेला आहे. ऐकायला हे चोख वाटते. पण दोन्ही वाटा तपासा. पैसे घेऊन त्यालाच मत दिले, तर साक्ष विकली. पैसे घेऊन दुसऱ्याला दिले, तर घेताना केलेला मूक करार खोटा होता, म्हणजे फसवून घेतले. तिसरी वाट नाही. आणि पैसा लुटलेला आहे असे खरोखर वाटत असेल, तर लुटीतील वाटा हलाल कसा झाला? प्रेषितांनी (स.) जकात गोळा करण्यास पाठवलेला एक मनुष्य परतला आणि म्हणाला, हा माल तुमचा आणि एवढा मला भेट मिळाला. तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांसमोर उभे राहून विचारले, की हा आपल्या बापाच्या घरी बसून राहिला असता तर भेट याच्या दारी आली असती का? बुखारीतील ही हदीस निवडणुकीच्या आदल्या रात्री प्रत्येक घरात वाचली जावी. उद्या मतदान नसते तर ते पाकीट तुमच्या दारी आले असते का?

मग ती 'भेट' आहे, 'चहापाणी' आहे, 'भाऊंनी आठवण ठेवली' असली नावे गळून पडतात. तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत लाच देणारा आणि घेणारा दोघांवरही धिक्कार नोंदलेला आहे. देशाचा कायदाही दोघांना धरतो. मतासाठी पैसे घेणे हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 171-ब खाली गुन्हा होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 खालीही आहे. एवढे म्हटल्यावर मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख भरल्या पोटाने केलेला उपदेश ठरेल. मजुरीला जाणाऱ्या बाईच्या एका दिवसाच्या कमाईहून ती नोट मोठी असते. ज्या जिल्ह्याचे नाव पंचवीस वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबरोबर घेतले जात आहे, तेथे डब्यात पडलेल्या पाचशे रुपयांचा अर्थ किराणा असतो, औषध असते. धिक्कार दोघांवर असला, तरी ज्याने दुसऱ्याची गरज ओळखून तिचा भाव केला आणि ज्याने गरजेपोटी हात पुढे केला, त्या दोघांना मी एका तराजूत तोलणार नाही. ते तोलणे अल्लाहचे काम आहे. मी फक्त एवढे म्हणतो की पाचशे रुपये पाच वर्षांना वाटले तर दिवसाला तीस पैसेही पडत नाहीत. आणि ज्या दवाखान्यात डॉक्टर नाही, ज्या शाळेत शिक्षक नाही, त्याची तक्रार घेऊन त्या माणसाकडे जाण्याचा अधिकार आपण त्या तीस पैशांत देऊन टाकलेला असतो.

आणखी एक हदीस या प्रसंगी मला सारखी आठवते. कयामतच्या दिवशी अल्लाह ज्या तिघांकडे पाहणारही नाही, त्यांतील एक तो, ज्याने आपल्या नेत्याची बैअत फक्त दुनियेसाठी केली. मिळाले तर खूश, नाही मिळाले तर नाराज. चौदाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या किती चौकांना लागू पडते, हे मी सांगायला नको.

लाच घेतली गेली असेल तर काय करावे? फिकहचा नियम साधा आहे: ती ज्याची त्याला परत करावी, देणारा सापडणे शक्य नसेल तर पुण्याची अपेक्षा न धरता गरजवंताला देऊन टाकावी. त्या तरुणाने चार दिवसांनी नोट परत नेऊन दिली. वाटणाऱ्याने ती हसत घेतली आणि आपल्या खिशात घातली. तरुण जरा खट्टू होऊन माझ्याकडे आला. पैसा वर पोहोचलाच नाही, मग उपयोग काय झाला, असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला म्हटले, तुझ्या डब्यातून तर गेला.

आता घरातील मोठ्यांचा प्रश्न. पहिल्या वेळी मत देणाऱ्या मुलामुलींना वडील, चुलते, मोहल्ल्यातील चार प्रतिष्ठित सांगतात, यंदा सर्वांनी अमुक ठिकाणी द्यायचे ठरले आहे. सल्ला ऐकावा. मोठ्यांनी पाहिलेले पावसाळे जास्त आहेत, आणि अल्पसंख्याक समाजाने विखुरले न जाता एकत्र विचार करावा यात गैर काही नाही. परंतु विचार करणे निराळे आणि ठराव करून मुलांची बोटे मोजणे निराळे. साक्षीदाराच्या जागी दुसऱ्याला साक्ष देता येत नाही. जे तुम्ही पाहिले ते तुम्हीच सांगायचे असते. तिसऱ्या खलीफांची निवड होताना माननीय अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांनी तीन दिवस मदीनेत लोकांचे मत घेतले. इब्ने कसीर (र.ह.) लिहितात की त्यांनी पडद्यातील स्त्रियांना विचारले, मकतबातील मुलांनाही विचारले. घराच्या कर्त्याला विचारून सर्वांचे मत कळले, असे त्यांनी मानले नाही. आपल्या कित्येक घरांत आजही सुनेचे मत सासऱ्याच्या खिशात असते.

मत वडिलांच्या इच्छेविरुद्ध गेले तर ती अवज्ञा होईल का? माझ्या समजुतीप्रमाणे नाही. निसाच्या ज्या आयतीचा उल्लेख वर आला तिच्यात आईवडिलांचे नाव मुद्दाम घेतले आहे. मात्र त्यावरून घरात भांडण करण्याचीही गरज नाही, आणि खोटे बोलण्याची तर मुळीच नाही. वडिलांनी विचारले, "कोणाला दिलेस?" तर "अब्बा, जे योग्य वाटले ते केले" एवढे उत्तर पुरे आहे. ही सवलत कायद्यानेही दिली आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 94 नुसार, तू मत कोणाला दिलेस हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. न्यायालयातदेखील नाही.

मिंबरवरून सांगणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहितो, आमचे काही मित्र रागावतील तरी. अमुक पक्षाला मत देणे दीनी कर्तव्य आहे, न दिल्यास अल्लाहचा कोप होईल, असे म्हणणारा इमाम कायद्याच्या दृष्टीने भ्रष्ट आचार करतो; त्याच अधिनियमाच्या कलम 123 मध्ये दैवी कोपाची भीती घालून मत वळवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण मला कायद्यापेक्षा दुसरीच भीती वाटते. साक्षीच्या अटी सांगणे हे आलिमचे काम आहे. साक्षीदाराने काय पाहिले, हे त्याला पढवणे हे वकिलाचे काम आहे, आणि तेही चांगल्या वकिलाचे नाही.

काही तरुणांच्या मोबाईलवर उलटे संदेश फिरतात: कायदा करण्याचा अधिकार अल्लाहचा, म्हणून या व्यवस्थेत मत देणेच निषिद्ध. त्यांच्या तळमळीचा मी आदर करतो. परंतु माननीय यूसुफ (अ.) यांनी अशा राजाच्या दरबारात धान्यकोठारांची जबाबदारी मागून घेतली, जेथील कायदा त्यांचा नव्हता, सूरह यूसुफची 55 वी आयत पाहा. दुष्काळात माणसे वाचवायची होती. आपले मत नसले म्हणून व्यवस्था थांबत नाही, ती फक्त आपल्यावाचून चालते, आणि पाण्याची योजना कोणत्या वस्तीतून जायची हे आपल्यावाचून ठरते. सर्व उमेदवार सदोष वाटले तर? तेथे फुकहांचा नियम आहे, दोन हानींपैकी हलकी हानी पत्करावी. मुफ्ती शफीसाहेबही हेच सांगतात. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण 2013 पासून उपलब्ध आहे, आणि 2019 च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये त्याला 27 हजारांहून अधिक मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. विचारपूर्वक दाबले तर तीही साक्षच आहे. कंटाळून दाबले तर ते लपवणे झाले. यंत्राला हा फरक कळत नाही.

सर्वांत कठीण अट मी शेवटी ठेवली आहे: ज्ञान. सूरह बनी इस्राईलच्या 36 व्या आयतीत, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि हृदय या साऱ्यांची विचारपूस होणार आहे, असे सांगितले आहे. मग ज्या माणसाला आपण फलकावर पाहिले, त्याच्या लायकीची साक्ष कशी द्यायची?

माननीय उमर (र.) यांच्यासमोर एकाने साक्ष दिली. ते म्हणाले, मी तुला ओळखत नाही, ओळखणारा कोणी आण. एक जण पुढे झाला: मी याला ओळखतो, हा सज्जन आहे. उमर (र.) यांनी विचारले, तू याचा शेजारी आहेस, याचे येणेजाणे रात्रंदिवस पाहतोस? नाही. याच्याशी दिरहम-दीनारचा व्यवहार केलास? नाही. याच्यासोबत प्रवास केलास? नाही. मग उमर (र.) म्हणाले, तर मग तू याला मशिदीत नमाज पढताना, मान खालीवर करताना पाहिले असशील. तो म्हणाला, हो. त्यावर, जा, तू याला ओळखत नाहीस, असे सांगून त्यांनी त्याला परत पाठवले. बैहकी यांनी ही घटना नोंदवली आहे.

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर पांढरी टोपी घालून, हातात खजूर धरून छायाचित्र काढून घेणारे उमेदवार आपल्याला किती भोळे समजतात! आणि आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यावर चादर चढवणारे? त्यांना आपण मान खालीवर करतानाही पाहिलेले नसते. उमर (र.) यांनी जेथे नमाजी माणसाची ओळख अपुरी ठरवली, तेथे आपण टोपीवर भागवतो. आणि हे दुसऱ्या बाजूनेही लागू आहे. नाव मुसलमानाचे आहे, एवढ्यावर लायकी सिद्ध होत नाही. नाव मुसलमानाचे नाही, एवढ्यावर ती नाकारताही येत नाही.

शेजार, व्यवहार, प्रवास. आज या तिन्हींची जागा काही अंशी एका कागदाने घेतली आहे. 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि स्वतःवरील फौजदारी खटले शपथपत्रात लिहून द्यावे लागतात, आणि ते कोणालाही पाहता येते. पूर्वी काझीच्या न्यायालयात साक्षीदाराच्या चारित्र्याची चौकशी करणारा मुजक्की असे. ते काम आता मतदाराकडे आले आहे. ज्या मुलाला मोबाईलवर क्रिकेटपटूची सरासरी तोंडपाठ असते त्याला हे कठीण नाही. त्याहूनही आधीचे काम यादीत नाव असणे. आता वर्षात चार तारखांना, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी, अठरा पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते. निकाहनंतर दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीचे नाव तिच्या नव्या पत्त्यावर कोण आणतो? बहुतेक घरांत कोणीच नाही. लपवलेल्या साक्षींची मोजणी केली तर त्यांतील मोठा भाग अशा न भरलेल्या अर्जांचाच निघेल.

त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला, बुधवारी, विधानसभेचे मतदान होते. आदल्या संध्याकाळी मगरिबनंतर तो तरुण पुन्हा आला. खिशातून घडी केलेले कागद काढून त्याने माझ्यासमोर ठेवले. तीन उमेदवारांची शपथपत्रे होती, काही ओळींखाली पेनाने रेघा मारलेल्या. त्याने विचारले, "चाचा, एकावर खटला आहे, पण सिद्ध झालेला नाही. सूरह हुजुरातमध्ये संशयापासून दूर राहा असे आहे. मग मी हा खटला त्याच्याविरुद्ध धरू की नको?"

एप्रिलमध्ये त्याने शाईविषयी विचारले होते, तेव्हा माझ्याजवळ उत्तर तयार होते. या वेळी मला थांबून विचार करावा लागला. मी म्हटले, नुसती तक्रार दाखल होणे वेगळे आणि न्यायालयाने कागद पाहून आरोप निश्चित करणे वेगळे. शपथपत्रात दोन्ही वेगवेगळे लिहिलेले असतात, ते पाहा. आंदोलनातील जमावबंदीचा खटला आणि पैशांच्या अपहाराचा खटला यांना एक समजू नकोस. शिक्षा देण्यासाठी पुरावा संपूर्ण लागतो, पण अमानत सोपवताना माणूस शंका असलेल्या पेटीत पैसे ठेवत नाही; तेथे सावधगिरी म्हणजे बदगुमानी नव्हे. तो म्हणाला, "आणि ज्याच्यावर काहीच नाही, पण ज्याने पाच वर्षांत काही केलेही नाही?" त्याचे उत्तर मी दिले नाही. तो कोणाविषयी बोलत होता, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

त्याच्या बोटाकडे माझे लक्ष गेले. एप्रिलची रेघ नखाबरोबर वाढत जाऊन केव्हाच निघून गेली होती. कागदांची घडी करून त्याने ती खिशात घातली आणि जाताना विचारले, फजरनंतर थेट आईला घेऊन निघालो तर रांग लहान असेल का?

केंद्र सातला उघडते, मी म्हणालो.